कोच हवा, आधीच्याच्या उलटा

रामनगरला दर वर्षी पाच जागा भरायच्या असतात: राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता. बनारसच्या पलीकडच्या काठावरच्या या गावाची रामलीला १८३०च्या सुमारास, महाराजा उदित नारायण सिंह यांच्या काळात सुरू झाली. अनंत चतुर्दशीच्या सुमारास ती जी सुरू होते ती थेट महिनाभर, ३१ दिवस चालते. युनेस्कोने २००८मध्ये रामलीलेला आपल्या वारसा यादीत घेतलं. एवढ्या नामांकित संस्थेत थेट देवांची पदं भरायची म्हणजे केवढा गहजब व्हायला हवा! होत नाही. आवाज अजून न फुटलेली, ब्राह्मण घरांतली मुलं आणतात, त्यांना बोलून दाखवायला सांगतात, आणि शेवटचा शब्द काशीनरेशांचा. चेहरा पाहतात, वागणं पाहतात, पाठांतर पाहतात, पण त्या सगळ्याआधी आवाज ऐकतात. कारण या लीलेत माइक नाही आणि विजेचे दिवेही नाहीत. पेट्रोमॅक्सचा उजेड, मशाली आणि हजारोंची गर्दी. त्या गर्दीच्या अगदी मागे, कुणाच्या तरी खांद्याआडून पाहणाऱ्या माणसाला रामाचं वाक्य ऐकू गेलं पाहिजे. गेलं तर मुलगा राम, नाही तर पुढचा. पुढे एक दिवस आवाज फुटतो आणि राम निवृत्त होतो. त्याला निरोपाचा सामना द्या असं कुणी म्हणत नाही, आणि चार वर्षांपूर्वीचा राम परत आणा अशी मोहीमही कुणी काढत नाही.

आता गंगा ओलांडून अलीकडे या. चहाच्या दुकानावर ठरल्या वेळी जमणाऱ्या मंडळींच्या बैठकीला बनारसमध्ये अडी म्हणतात. अडीवर केंद्रीय अर्थसंकल्प, अमेरिकेचा अध्यक्ष आणि पानातला चुना हे तिन्ही विषय सारख्याच गांभीर्याने घेतले जातात. पुण्याच्या पेठांत, दादरला, नागपूरला अशाच बैठका भरतात, फक्त त्यांना नाव नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या मुख्य कोचची जागा रिकामी झाली की या सगळ्यांचं एकाच वेळी अधिवेशन सुरू होतं. मे २०२४मध्ये ती निघाली. क्रिकेट मंडळाने जाहिरात दिली: ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामने खेळलेला असावा किंवा तशा तोलाचा कोचिंगचा अनुभव असावा, वय साठीच्या आत असावं, अर्ज गूगल फॉर्मवर करावा. तीन हजारांहून जास्त अर्ज आल्याच्या बातम्या छापून आल्या. त्यांत नरेंद्र मोदी, अमित शहा, सचिन तेंडुलकर आणि महेंद्रसिंग धोनी यांच्या नावांचेही अर्ज होते. पंतप्रधानांना वयाची अट आड आली असती. गृहमंत्री वयात बसत होते, पण ३० कसोटींची अडचण होती. हे अर्ज खोटे होते हे उघड आहे. पण ते भरणाऱ्यांची चेष्टा करण्याआधी एक मान्य करायला हवं: अडीवरच्या चर्चेत जी नावं खऱ्या तळमळीने घेतली जातात, त्यांतली निम्मीअधिक या फॉर्ममधल्या नावांइतकीच अशक्य असतात. फॉर्म भरणाऱ्यांनी फक्त पुढची पायरी गाठली.

ही चर्चा लक्ष देऊन ऐकली तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. चर्चा उमेदवारांची चालली आहे असं वाटतं, पण बोलणं सगळं मागच्या कोचबद्दल असतं. मागचा गप्प होता, तर आता बोलका हवा. मागचा कडक होता, तर आता पोरांना मोकळं सोडणारा हवा. मागचा परदेशी होता, तर आता आपल्या मातीतला, आणि आपल्या मातीतल्याने हात टेकले की ‘बाहेरचाच बरा, त्याला ना नातं ना गोतं’. एखाद्या घरमालकाला आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याने छळलेलं असतं. मग नवा भाडेकरू ठेवताना तो फक्त एकच विचारतो, कुत्रा नाही ना? भाडं देणार का, हे विचारायचं राहून जातं. आपल्या कोचनिवडीच्या चर्चेचं नेमकं असंच आहे. चाहत्यांना कोच नकोच असतो. त्यांना मागच्याचा उतारा हवा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्याला आपल्याच क्रिकेटच्या गेल्या पंचवीस वर्षांत भरपूर पुरावा आहे.

न्यूझीलंडचे जॉन राइट २००० ते २००५ कोच होते. मृदू, मागे राहणारे, ओरडलेच तर ड्रेसिंग रूमच्या आत ओरडणारे. त्यांच्यानंतर देशाला वाटलं, आता कुणीतरी खमक्या हवा. टॉम मूडी, डेस्मंड हेन्स आणि मोहिंदर अमरनाथही शर्यतीत होते. निवड झाली ग्रेग चॅपेल यांची. ते खमके निघाले, एवढे की २००७च्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत घरी यावं लागलं, आणि मग देशाने एकमुखाने ठरवलं की खमक्या नको. दक्षिण आफ्रिकेचे ग्रॅहम फोर्ड यांना पद देऊ केलं; त्यांनी दोन दिवस विचार करून नको म्हटलं. आता या गोष्टीतला सगळ्यात गमतीचा भाग. कोचच नाही म्हणून इंग्लंडच्या दौऱ्यावर मॅनेजर म्हणून पुण्याचे चंदू बोर्डे गेले. दौऱ्यातच त्यांनी वयाची ७३ वर्षं पूर्ण केली. आपण ती कसोटी मालिका १-० जिंकली, इंग्लंडमध्ये तब्बल २१ वर्षांनी. लगेच पुढे दक्षिण आफ्रिकेत पहिला टी-२० विश्वचषक होता. तिथे मॅनेजर लालचंद राजपूत होते, आणि विश्वचषक आपला. गोलंदाजीला वेंकटेश प्रसाद, क्षेत्ररक्षणाला रॉबिन सिंग असे मदतनीस होते, नाही असं नाही. पण ज्या खुर्चीसाठी एवढे वाद झाले ती मुख्य खुर्ची रिकामी होती, आणि ती रिकामी असताना भारतीय क्रिकेटला जे जमलं ते भरलेली असताना कित्येक वर्षं जमलं नव्हतं. यावरून कोच नकोच असा निष्कर्ष कुणी काढू नये. पण अडीवर या वर्षाचा उल्लेख कधीच होत नाही, याचं कारण कळण्यासारखं आहे. ज्याला उलटा करावा असा कोचच त्या वर्षी नव्हता.

पुढची साखळी ताजी आहे. गॅरी कर्स्टन शांत, डंकन फ्लेचर त्याहून शांत, मग रवी शास्त्री खणखणीत, मग अनिल कुंबळे शिस्तीचे. कुंबळेंच्या वर्षभरात संघ १७ कसोटी खेळला, १२ जिंकला आणि एक हरला. पण कर्णधाराशी पटेना, म्हणून जून २०१७मध्ये ते गेले आणि पुन्हा शास्त्री आले. त्यांच्यानंतर राहुल द्रविड, म्हणजे पुन्हा शांतता. आणि द्रविडनंतर गौतम गंभीर, ज्यांच्याबद्दल शांत हा शब्द त्यांच्या मित्रांनीही वापरला नसावा. सी-सॉवर एवढ्या नेमाने कुणी वरखाली होत नाही. इथे कुणी म्हणेल, स्वभाव महत्त्वाचा असतोच की. असतो. पण कर्स्टन आणि फ्लेचर दोघेही मितभाषी होते. पहिल्याच्या काळात आपण कसोटीत अव्वल झालो आणि २०११चा विश्वचषक जिंकलो. दुसऱ्याच्या पहिल्याच वर्षात इंग्लंडमध्ये ४-० आणि ऑस्ट्रेलियात ४-० असे सपाटून हरलो. मितभाषीपणा तोच, निकाल असे. मग तो गुण मोजायचा कशाला?

शिवाय त्या गुणाचं नावही निकालावर ठरतं. १९ नोव्हेंबर २०२३च्या रात्री, अहमदाबादचा अंतिम सामना हरल्यावर, द्रविड यांच्या चेहऱ्याकडे पाहून लोक म्हणाले, काय हा थंडपणा, या माणसाला काही वाटतं की नाही. २९ जून २०२४च्या रात्री बार्बाडोसला टी-२० विश्वचषक हाती आल्यावर तेच लोक म्हणाले, केवढा हा संयम, ऋषी आहे ऋषी. मधल्या सात महिन्यांत द्रविड यांनी स्वभाव बदलला असण्याची शक्यता कमी आहे. गंभीर यांची निवड जाहीर झाली जुलैत. तेव्हा त्यांच्यात आग होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत न्यूझीलंडने बंगळूर, पुणे आणि मुंबई अशा तिन्ही कसोटी जिंकून ३-० केलं, तेव्हा त्याच आगीला आततायीपणा म्हणू लागले. मार्च २०२५मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी आली, आणि आग पुन्हा आग झाली. म्हणजे उमेदवाराच्या ज्या गुणावर आपण महिनाभर वाद घालतो, तो गुण आहे की दोष हे उमेदवार कामाला लागल्यावर, धावफलक पाहून ठरतं. निवडीच्या आधी त्याचा काही उपयोग नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मराठी आहे: चंद्रकांत पंडित. २०१६-१७च्या रणजी मोसमात मुंबई त्यांच्या हाताखाली अंतिम फेरीत पोचली आणि गुजरातकडून हरली. मुंबईला अंतिम फेरीत हरणं म्हणजे पहिल्या फेरीत हरण्याहून वाईट. पंडित कडक म्हणून प्रसिद्ध, आणि कडक माणूस हरला की कडकपणा हाच गुन्हा ठरतो. मुंबईने दुसरा कोच शोधला. पंडित विदर्भात गेले आणि विदर्भाने पहिल्याच मोसमात रणजी जिंकली, जी त्यांनी आधी कधीच जिंकली नव्हती. दुसऱ्या मोसमातही जिंकली. मग ते मध्य प्रदेशात गेले. २०२२मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली, आणि अंतिम सामन्यात समोर कोण होतं? मुंबई. त्याच मैदानावर १९९९मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून पंडित अंतिम सामना हरले होते. इथवर कथा पुरेशी आहे, पण नियतीला समाधान नव्हतं. २०२४चा आयपीएल करंडक कोलकाता नाइट रायडर्सने जिंकला. त्या संघाचे मुख्य कोच होते चंद्रकांत पंडित आणि मेंटॉर होते गौतम गंभीर. त्याच दिवसांत देशाच्या कोचची जागा निघालेली. अडीवर, टपरीवर, कट्ट्यावर नाव गाजलं ते मेंटॉरचं. पंडित वयाने साठी ओलांडलेले होते, त्यामुळे जाहिरातीच्या अटीत ते बसले नसतेच, हे खरं. पण अट आड येते म्हणून हळहळलेला एकही आवाज ऐकू आला नाही. रणजी करंडक मोजणाऱ्याला पंडित दिसले असते. द्रविडचा उतारा शोधणाऱ्याला गंभीर दिसले.

हा आपल्याच रक्तातला दोष आहे असं मानून कुणी उगाच खजील होऊ नये. या विद्येचं विद्यापीठ अमेरिकेत आहे, आणि तेही अक्षरशः विद्यापीठांत. तिथे कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांचे कोच त्या त्या राज्याच्या गव्हर्नरपेक्षा ठळकपणे ओळखले जातात आणि बऱ्याचदा त्याच्या कैक पट पगार घेतात. मार्चमध्ये सुरू होणारी राष्ट्रीय स्पर्धा संपली की खुर्च्या रिकाम्या होतात आणि आख्खी राज्यं कामधंदा सोडून पुढचा कोण यावर बोलू लागतात. केंटकी हे त्यातलं सर्वांत हळवं राज्य, आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं ही त्या हळवेपणाची कमाई. तिथले जॉन कॅलिपरी एका हंगामासाठी शाळेतून थेट तारे आणत; ते तारे वर्षभर चमकून व्यावसायिक संघांत निघून जात. २०१२मध्ये याच मार्गाने विजेतेपद आलं, तेव्हा तो मार्ग थोर होता. मार्च २०२४मध्ये ओकलंड नावाच्या छोट्या विद्यापीठाने पहिल्याच सामन्यात हरवलं, तेव्हा तोच मार्ग भाडोत्री झाला. कॅलिपरी आर्कान्सॉला गेले. चाहत्यांना बेलरचे स्कॉट ड्रू हवे होते, कनेटिकटचे डॅन हर्ली हवे होते. दोघेही जिथे होते तिथेच राहिले. मग नाव आलं मार्क पोप यांचं. कोच म्हणून त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. राज्यभर आकांत झाला. दोन दिवसांनी, १४ एप्रिलला, पोप यांची ओळख करून द्यायला रप अरीना उघडला, तर वीस हजारांचं ते सभागृह भरून गेलं. कारण तोवर लोकांना आठवलं होतं की पोप हे १९९६च्या विजेत्या केंटकी संघाचे कर्णधार. म्हणजे घरचा माणूस. म्हणजे भाडोत्रीच्या उलट. दोन दिवसांत पोप यांच्या कामगिरीत काडीचा फरक पडला नव्हता. फक्त मागच्याच्या उलटी असलेली त्यांची बाजू सापडली होती.

याच देशाच्या इतिहासात याउलट काय घडलं तेही पाहा. ड्यूक विद्यापीठाने १९८०मध्ये माइक शेशेवस्की यांना नेमलं. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगची धड जुळणी करता येईना, आणि आदल्या मोसमात त्यांचा संघ ९ सामने जिंकून १७ हरलेला. पहिल्या तीन वर्षांत ड्यूकने ३८ जिंकले, ४७ हरले. देणगीदार आणि चाहते हकालपट्टीची मागणी करत होते. क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी उलट त्यांचा करार वाढवला. शेशेवस्की २०२२पर्यंत राहिले आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं देऊन गेले. त्याहून वर जॉन वूडन. त्यांना खरं तर मिनेसोटाला जायचं होतं. ठरल्या वेळी मिनेसोटाहून फोन यायचा होता. हिमवादळाने तारा तुटल्या, फोन आला नाही, आणि वूडन यांनी यूसीएलएला होकार दिला. हे १९४८ साल. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९६४मध्ये. ते धरून पुढच्या बारा मोसमांत एकूण दहा. म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी नेमणूक एका वादळाने केली आणि तिचं फळ यायला सोळा मोसम लागले. आपल्याकडे सोळा महिने झाले की वादळ चाहतेच आणतात.

बास्केटबॉलचा विषय बनारसला परका आहे असंही नाही. उलट या खेळात बनारसने देशाला जेवढं दिलं तेवढं फार थोड्या शहरांनी दिलं असेल. १९०९मध्ये स्थापन झालेल्या उदय प्रताप कॉलेजच्या मैदानावर खेळून दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा या सिंह भगिनी भारतीय संघात गेल्या; प्रशांतीला २०१९मध्ये पद्मश्री मिळाली. पुरुष संघाचा कर्णधार राहिलेला, २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळालेला विशेष भृगुवंशीही बनारसचा. आता या संघाच्या कोचची निवड अडीवर किती गाजली? स्कॉट फ्लेमिंग नावाचे अमेरिकी गृहस्थ, तिकडच्या एका छोट्या कॉलेजच्या संघाचे एकेकाळचे कोच, २०१२मध्ये आपल्या पुरुष संघाचे कोच झाले. ते शांत की तापट, कुणी विचारलं नाही. त्यांच्या आधीच्याच्या उलटे की सुलटे, यावर एक कप चहा खर्च झाला नाही. दोन वर्षांनी, २०१४मध्ये, आशिया चषकात चीनमधल्या वुहानला भारताने चीनला ६५-५८ हरवलं. आशियाई बास्केटबॉलमध्ये चीनला हरवणं म्हणजे काय हे ज्यांना कळतं त्यांनी त्या रात्री डोळे चोळले असतील. चर्चा झाली नाही म्हणून जिंकलो, असा माझा दावा नाही. पण चर्चेशिवाय नेमणूक केली तर आकाश कोसळतं, या समजुतीला वुहानमध्ये थोडा तडा गेला.

आता निवडीचा नमुना म्हणून रामनगरचा दाखला दिल्यावर येणारे आक्षेप. पहिला आणि वाजवी आक्षेप असा की, अहो, तिथे राजा निवडतो, तेही एकाच जातीच्या मुलांतून, आणि सीतासुद्धा मुलगाच. हे तुमचं आदर्श मंडळ? मुळीच नाही. उमेदवार कोणत्या घरातून आणायचे याबाबतीत रामनगरकडून काही शिकावं असं मी म्हणणार नाही. घराणेशाहीचं शिक्षण क्रिकेटच्या कारभाऱ्यांना कमी नाही. घेण्यासारखं आहे ते दुसरंच: तिथे काम काय आहे हे आधी ठरलेलं आहे. संवादाची वही लीला चालवणाऱ्या व्यासांच्या हातात असते. लीलेला नेमाने येणाऱ्यांना नेमी म्हणतात. ते रामचरितमानसचा गुटका, म्हणजे छोटी पोथी, घेऊन बसतात आणि रामायणी, म्हणजे मानस गाणारी मंडळी, गातात तसं ओळीओळीवर बोट फिरवतात. रामाला काय म्हणायचं आहे हे रामाआधी त्यांना ठाऊक. त्यांच्यात तुलना होत नाही असं समजू नका. यंदाचा लक्ष्मण जरा मऊच बोलतो, गेल्या साली भरत काय रडला होता, असं सगळं होतं. पण संवाद येण्याआधी ‘चुप रहो, सावधान’ अशी आरोळी उठते आणि हजारो टीकाकार गप्प होतात, आणि लीला संपताना आरतीला त्याच मऊ आवाजाच्या लक्ष्मणापुढे हात जोडतात. भारतीय कोचला यातलं अर्धं जरी मिळालं तरी तो पगार कमी घेईल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. रामनगरात निकाल ठरलेला असतो. रावण तयारी करून येत नाही, डावपेच बदलत नाही, दसऱ्याला पडतोच. कोचसमोरचा रावण मात्र दर सामन्याला नवा संवाद घेऊन येतो. बरोबर आहे. पण निकाल अनिश्चित असताना तर आवाजाची परीक्षा जास्तच हवी! कर्स्टन यांचं उदाहरण घ्या. त्यांनी अर्जच केला नव्हता. गावसकरांकडून विचारणा आली, ते मुलाखतीला दिल्लीत आले, वाटेत भेटलेले कर्णधार कुंबळे ते का आले आहेत हे ऐकून हसले, आणि सात मिनिटांत मुलाखत आटोपली. हे कर्स्टन यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. हातात ठेवलेल्या करारावर आधीच्या कोचचं, म्हणजे चॅपेल यांचंच नाव होतं, हेही. इथे कुणी म्हणेल की चॅपेल यांच्या उलट शांत माणूस आणला आणि विश्वचषक मिळाला, म्हणजे उताऱ्याचं शास्त्र खरं ठरलं. ते मला पटत नाही. कर्स्टन नेटमध्ये फलंदाजांना तासन्‌तास हाताने चेंडू टाकत. सचिनला टाकत, नवख्याला टाकत. शांत माणसं क्रिकेटमध्ये ढिगाने आहेत. खांदा निखळेपर्यंत चेंडू टाकणारी नाहीत. हा त्यांचा आवाज, आणि तो मागच्या रांगेपर्यंत पोचला. सात मिनिटांच्या मुलाखतीत हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही, आणि अडीवर तर कर्स्टन हे नावच चर्चेत नव्हतं.

उरतो तिसरा आक्षेप, आणि तो चाहत्यांच्या बाजूने आहे: आम्ही तिकिटं काढतो, रात्री जागतो, हरलो की जेवत नाही, मग बोलायचंही नाही का? बोलायचं, भरपूर बोलायचं. चाहते गप्प बसले तर निवडी जास्त वाईट होतील, कारण मग फक्त कर्णधाराची मर्जी आणि मंडळाची सोय एवढंच उरेल. कुंबळे गेले तेव्हा सामान्य माणसानेच विचारलं होतं की १७ पैकी १२ जिंकणाऱ्याचा दोष काय. तो प्रश्न चांगला होता, कारण तो कामाबद्दल होता. म्हणून अडीवर येत्या वेळी एवढाच बदल व्हावा. उमेदवाराचं नाव निघालं की तो मागच्याच्या किती उलट आहे हे सांगू नका. पंचविशीतल्या फलंदाजाचं तंत्र बिघडलं तर हा माणूस काय करेल, दौऱ्यात दोन कसोटी हरल्यावर कुणाशी बोलेल, कर्णधार ऐकेनासा झाला तर कितीदा सांगेल, आणि याआधी हे त्याने कुठे केलं आहे, विदर्भात, इंदूरला की आणखी कुठे, हे सांगा. उत्तर माहीत नसेल तर चहा सांगा.

२०२४च्या जाहिरातीप्रमाणे या पदाची मुदत ३१ डिसेंबर २०२७पर्यंत आहे. त्याआधीच जागा रिकामी झाली, तर तो आपला पूर्वापार शिरस्ता आहे, आश्चर्य वाटून घेऊ नये. फॉर्म पुन्हा गूगलवरच येईल असं धरून चाला, आणि कृपा करून या खेपेला तो पंतप्रधानांच्या नावाने भरू नका. वयाची अट बदललेली नसेल.